जुन्या शाळेची अकरा घरं : साइटवरच्या नोंदी

दिवस १

आज ताबा मिळाला. दुमजली शाळा आहे. पुढचा मूळ भाग विटा-चुन्याचा, वरचा मजला लाकडी तुळयांवर, छत कैच्यांवर (लाकडी त्रिकोणी सांगाड्यांवर) आणि कौलांचं. मधे उंच सभागृह. मागे पुष्कळ नंतर जोडलेला सिमेंट-काँक्रीटचा भाग, त्यात स्वच्छतागृहं. यातून अकरा घरं काढायची आहेत आणि मोडताना जे निघेल ते होईल तितकं इथेच परत लावायचं आहे.

असंच काम अंगावर घेणाऱ्यांसाठी ही वही. खर्च रोजात लिहीन: एक माणूस, एक दिवस, म्हणजे एक रोज. दर जागोजागी बदलतात, रोज बदलत नाही.

दिवस २ ते ९ : मोजणी

चार जण, आठ दिवस, ३२ रोज. ठेकेदाराला हे फुकट घालवलेले दिवस वाटतात. "मोडल्यावर मोजू की," असं तो तिसऱ्यांदा म्हणाला. मोडल्यावर मोजतात त्याला राडारोडा म्हणतात.

वहीत प्रत्येक वस्तूला सात रकाने: नंबर, जागा, लांबी-रुंदी-जाडी, नग, अवस्था, कशानं जोडलंय, कुठे वापरता येईल. यातला 'कशानं जोडलंय' हा रकाना मी उगाच म्हणून ठेवला होता, पण पुढचा सगळा अंदाज त्याच्यावरच बसला. स्क्रू असेल तर वस्तू निघते. चुना असेल तर वेळ लागतो, पण निघते. खिळा असेल तर निम्मं निघतं. सिमेंट किंवा गोंद असेल तर ती वस्तू नाही असं धरून चाला.

६४ खिडक्या, ३१ दारं. वर्गातले काळे फळे दहा, त्यातले सात खऱ्या पाटीच्या दगडाचे आणि तीन सिमेंटवर काळा रंग मारलेले. नखानं टकटक केली की कळतं, पण आम्ही आधी दहाही 'दगडी' लिहून मोकळे झालो होतो.

खिडक्यांच्या रंगाची शिशासाठी चाचणी केली. खालच्या थरांत शिसं निघालं. म्हणजे कोरडं घासणं बंद, मशीन तर नाहीच. ओलं करून खरवडायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, मास्क लावायचा, आणि खरवड वेगळ्या पिशवीत.

दिवस ११

पहिलीच मोठी चूक, आणि ती माझी.

मागच्या सायकल शेडचे नालीदार पत्रे मी यादीत घेतलेच नव्हते. मुख्य इमारतीत येत नाहीत म्हणून. सकाळी एका पोरानं जागा मोकळी करायला हातोड्यानं एक पत्रा फोडला. तुटलेल्या कडेला करडे तंतू दिसले. ॲस्बेस्टॉस, श्वासातून आत गेले तर जीवघेणे ठरणारे तंतू.

काम बंद. तेवढी जागा दोरीनं आखली, तुकड्यांवर पाणी मारून प्लॅस्टिकनं झाकलं. परवानाधारक पथक यायला १९ दिवस लागले. त्यांनी बोल्ट कापून पत्रे अख्खे उतरवले, ओले ठेवले, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून चिठ्ठ्या लावून नेले. ॲस्बेस्टॉसचा पुनर्वापर नाही, दुरुस्ती नाही, कापणं नाही. शेड, कुंपण, पाण्याच्या टाकीचं झाकण, जुने पाइप, आवारातलं सगळं आधी पाहून घ्या, मगच कुणाच्या हातात हातोडा द्या.

दिवस ३४

दारं-खिडक्या उतरवायला घेतल्या. जुने एकखाची स्क्रू गंजून लाकडात बसलेत. जोर केला की खाच झिजते आणि मग ड्रिल करण्यावाचून इलाज नाही. सुतार मिस्त्रींची रीत अशी: आधी पटाशीच्या टोकानं खाचेतला रंग काढायचा, मग स्क्रू उलटा न फिरवता सुलटा, किंचित आवळायचा. गंजाची पकड मोडते, 'कट्' असा बारीक आवाज येतो, आणि मग तो मुकाट्यानं बाहेर येतो. तरीही न निघाल्यास तापलेलं सोल्डरिंगचं टोक डोक्यावर मिनिटभर धरायचं.

एका दाराला सरासरी पाऊण तास. पहारीनं पाच मिनिटांत निघालं असतं, चौकटीच्या चिरफळ्यांसकट.

दिवस ४१

रात्री पाऊस झाला. उतरवलेल्या फळ्यांवर आणि चौकटींवर खडूनं टाकलेले नंबर सकाळी धुऊन गेलेले. ताडपत्री होती, पण एका कडेला घडी करून ठेवलेली. कुठली फळी कुठल्या खोलीची हे शोधण्यात सहा रोज गेले, तरी वीसेक फळ्या बेवारसच राहिल्या.

दुपारी कौलं उतरवायला कैच्यांवर चढलो आणि तिथे लाज वाटली. प्रत्येक सांध्यात, दोन्ही लाकडांवर, छिन्नीनं सारख्या खाचा मारलेल्या: या सांध्याला तीन, पलीकडच्याला चार. मूळ सुतारानं खाली जमिनीवर जुळवून, नंबर टाकून मग वर चढवलेल्या कैच्या. त्याचे नंबर अजून वाचता येतात, माझे एका रात्रीत गेले.

आता ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून नंबर काढतो आणि पट्टी बारीक स्क्रूनं लावतो. एका नगाला दोन मिनिटं.

दिवस ४७ : विटा

दोन भाग, दोन तऱ्हा.

पुढच्या भागातल्या ज्या भिंती काढायच्या होत्या त्या २२ घनमीटर. घनमीटरला साधारण ५०० विटा धरल्या तर ११,००० व्हायला हव्यात. साबूत मिळाल्या ७,९००. बाकी काढताना फुटल्या किंवा बाद केल्या. चुना मऊ असतो, थापीच्या कडेनं सोलून निघतो. एका माणसानं दिवसाला ३२० विटा साफ केल्या, म्हणजे सगळ्याला २५ रोज. वीट पारखायला दोन विटा एकमेकींवर आपटायच्या. खणखणली तर भिंतीत, बद्द वाजली तर भरावात. स्वच्छतागृहाला लागून असलेल्या भिंतीच्या विटा खणखणल्या तरी आम्ही घेतल्या नाहीत. त्यांच्यात क्षार मुरलेले असतात, नव्या गिलाव्यातून ते पांढरे होऊन बाहेर येतात. हे शहाणपण अर्थात आधी एक भिंत बांधून, ती पांढरी पडलेली पाहून आलं.

मागच्या भागातल्या विटा सिमेंटच्या मालात, म्हणजे सिमेंटच्या मसाल्यानं जोडलेल्या. तिथे उलटं आहे: माल विटेपेक्षा कडक, त्यामुळे फुटते ती वीट. शंभर विटांची चाचणी घेतली, १९ अख्ख्या निघाल्या. कोपनहेगनच्या 'रिसोर्स रोज' (Resource Rows) या गृहप्रकल्पात हीच अडचण आली होती. तिथे त्यांनी विटा सुट्या करायचा नाद सोडला आणि कार्ल्सबर्गच्या जुन्या बिअर-कारखान्यासारख्या इमारतींच्या भिंतींचे सरळ चौकोनी तुकडे करवतीनं कापून नव्या दर्शनी भिंतींत बसवले. आम्हीही तीन तुकडे कापले, मीटर बाय मीटर, भिंत २३० मिमी जाड. एकाचं वजन सव्वाचारशे किलोच्या वर. पोलादी चौकट न करता पट्ट्यावर उचलले. पहिला मधोमध चिरला, दुसऱ्याचा कोपरा गेला, तिसरा उतरला आणि आता आवारात बाक म्हणून उभा आहे. चौकटी बनवायला आणि क्रेन आणायला लागणारे रोज मांडून पाहिले आणि बाकीच्या भिंती भरावासाठी फोडल्या. मोठ्या प्रकल्पाला परवडतं ते आम्हाला नाही परवडलं.

दिवस ५५

हे लिहायचं टाळत होतो. आज लिहितो.

उत्तरेकडच्या दोन खोल्यांवरचं छत कित्येक वर्षं गळत होतं. तिथल्या मजल्याच्या तुळया भिंतीत शिरतात त्या टोकांना कुजलेल्या. तिथे तसाही जिना आणि मोकळा चौक येणार, म्हणून तुळया काढल्या. ३८ नग, ७५ बाय २५० मिमी, लांबी ५.४ मीटर. दोन्ही टोकांची सुमारे तीस-तीस सेंटिमीटर कूज सोडली तर मधलं ४.८ मीटर लाकूड असं की रंधा मारल्यावर कालचं वाटावं.

आमच्या गोदामाच्या मांडण्या पावणेचार मीटरच्या. तुळया बाहेर डोकावत होत्या, भिजत होत्या, येणारा-जाणारा अडखळत होता. मी सांगितलं, सगळ्या ३.६ च्या करा, नीट रचता येतील.

दुपारी वास्तुरचनाकार बाई आल्या. सभागृहाचा सुधारित नकाशा आणला होता. सभागृह ८.४ मीटर रुंद, ५.६ उंच. त्याच्या एका टोकाला ६.६ मीटर लांबीत नवा मजला घालून शेजारी-शेजारी दोन दुमजली घरं. मधल्या भिंतीच्या रेषेत खांबांची एक रांग, दोन्हीकडे ४.२ मीटरचे गाळे (भिंत ते खांब अंतर). टेकायला दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटर धरले तर तुळई हवी ४.५ मीटरची. ४०० मिमी अंतरानं बसवल्या तर लागतात ३६. आपल्याकडे ३८.

"बसल्या की अगदी!" त्या म्हणाल्या.

मी करवतीच्या आवाजाकडे धावलो. २७ कापून झाल्या होत्या.

दिवस ५७

उपाय निघाला, पण फुकट नाही. एकाऐवजी खांबांच्या दोन रांगा. गाळे तीन, प्रत्येक २.८ मीटरचा. तेवढ्या कमी अंतरात तुळया ६०० मिमीवर ठेवल्या तरी चालतात, म्हणजे तीन ओळींत बारा-बारा, ३६ पुरतात. पण आधी खांब दोन घरांमधल्या भिंतीत लपणार होते. आता ते भिंतीपासून १.४ मीटरवर, दोन्ही घरांच्या बसायच्या खोलीत उभे. शिवाय चार खांब आणि चार पाये जादा.

कापलेल्या २७ तुकड्यांचं उरलेलं लाकूड प्रत्येकी १.२ मीटर. उभं चिरलं की एकातून पस्तीसेक मिमीच्या दोन फळ्या निघतात, रुंदी २५० मिमी. पायरीला नेमकी तेवढीच लागते. दोन्ही घरांच्या आतल्या जिन्यांच्या ३० पायऱ्या त्यातून होतील. हे सांगून मिस्त्रींनी माझी समजूत काढली. मी समजूत काढून घेतली, पण नियम केला: नकाशा पक्का झाल्याशिवाय लांबी कापायची नाही. जागा नसेल तर जागा भाड्यानं घ्या, तुळई बाहेर डोकावू द्या, लाल फडकं बांधा.

दिवस ६३

लाकूड चिरायला घेतलं. आर्द्रता मोजली: मधला भाग १३ ते १५ टक्के, भिंतीतली टोकं २६ च्या वर. २० टक्क्यांच्या पुढे बुरशीचा धोका. टोकं गेली ते बरंच झालं. बाहेरच्या पांढुरक्या लाकडात भुंग्याची भोकं होती. तेवढं तासून काढलं आणि उरलेल्याला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दोनदा पाजलं.

खिळे उपटायला दोन जण जंबूर घेऊन बसले. संपलं असं सांगितल्यावर लाकूड करवतीवर गेलं आणि पहिल्याच फेरीत पात्याचे दात गेले. डोकं तुटलेला खिळा आत राहिला होता. त्या दिवसानंतर प्रत्येक तुकड्यावरून धातुशोधक फिरतो. खिळे काढायचे एकूण ४१ रोज. ही संख्या कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हती.

दिवस ७३

मागचा काँक्रीटचा भाग ठेवायचा की पाडायचा यावर आठवडाभर वाद. माझा कल ठेवण्याकडे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या ग्राँ पार्क वसाहतीत लाकातों आणि वासाल या वास्तुरचनाकारांनी जोडीदारांसह ५३० घरं न पाडता, लोक आत राहत असताना मोठी करून दिली. त्यांना २०२१ साली प्रित्झकर हा वास्तुकलेचा मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा हाच आग्रह गाजला: पाडू नका. पण ते ठरवायला आधी काँक्रीटची प्रकृती बघावी लागते.

ताज्या फोडलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन मारलं. काँक्रीटचा अल्कधर्म शाबूत असेल तिथे ते गडद गुलाबी होतं. स्वच्छतागृहांच्या स्लॅबवर पहिले ३५-४० मिमी तसेच करडे राहिले, गुलाबी त्याच्या आत. आणि सळ्या २५ मिमीवर. म्हणजे सळीभोवतीचं संरक्षण संपलेलं. खालून ठोकलं तर पापुद्रे हातात आले. खांब आणि तुळया मात्र पुष्कळ बऱ्या, तिथे करडा थर दहा-बारा मिमीच. शेवटी स्लॅब काढायचा, सांगाडा ठेवायचा, वर हलका मजला घालायचा असं ठरलं. अर्धा माझा कौल, अर्धा फिनॉल्फ्थॅलीनचा.

दिवस ८१

स्लॅब फोडून खडी केली आणि सभागृहातल्या नव्या पायांच्या काँक्रीटमध्ये वापरली. नैसर्गिक खडीच्या ३० टक्के.

इथे दोन पाये वाया गेले. फोडीव खडीला जुना माल चिकटलेला असतो, ती पाणी पिते. आमच्या नमुन्यानं वजनाच्या पाच टक्क्यांवर पाणी शोषलं, साध्या खडीचं एक टक्क्याच्या आसपास. आम्ही ती कोरडीच मिक्सरमध्ये टाकली. दहा मिनिटांत माल ताठ झाला, घमेल्यातून पडेना. मी तिथे नव्हतो. पोरांनी पाइप लावून पाणी सोडलं. त्या मालाच्या सात दिवसांच्या चाचणी-ठोकळ्यांनी सांगायचं ते सांगितलं, आणि दोन पाये फोडून पुन्हा भरले. आता खडी आदल्या संध्याकाळी भिजवतो, सकाळी निथळत ठेवतो, आणि मिक्सरजवळचा नळ कुलपात.

माझ्या करवतीनं वाढवलेल्या चार पायांपैकीच हे दोन. वास्तुरचनाकार बाई काही बोलल्या नाहीत.

दिवस ९०

शाळेची स्वच्छतागृहं एका कोपऱ्यात असतात. घरांना प्रत्येकी मोरी, संडास, स्वयंपाकघर हवं. ही अडचण सगळ्यांना माहीत असते आणि तरीही ती नकाशावर सोपी दिसते.

मूळ बेत दोन उभ्या नळमार्गांचा. सगळ्यात लांबचा संडास त्यापासून सहा मीटर. ११० मिमीच्या पाइपला चाळीसास एक उतार दिला तर सहा मीटरमध्ये १५० मिमी उतरतो. पाइपची स्वतःची जाडी त्यात मिळवा: २६०. मजल्याची तुळईच २५० ची. आणि पाइप तुळयांना आडवा जाणार.

प्लंबरनं यावर तोडगा काढून ठेवला होता. मी पोचलो तोवर तीन तुळयांना खालून ६० मिमीच्या खाचा पडल्या होत्या. तुळईतली ओढ सगळ्यात जास्त तळाच्या तंतूंवर असते. भोक पाडायचंच तर उंचीच्या मध्यावर, लहान आणि गोल. खालची कड कधीच नाही. तिन्ही तुळयांना दोन्ही अंगांनी नव्या फळ्या बोल्टनं जोडाव्या लागल्या, ९ रोज.

नंतर नकाशाच फिरवला. मोऱ्या आणि स्वयंपाकघरं व्हरांड्याच्या भिंतीला, दोन घरांची पाठीला पाठ लावून. नळमार्ग दोनाचे चार. आता सगळ्यात लांब आडवा पाइप १.८ मीटर, उतार ४५ मिमी, आणि तो मोरीच्या उंचावलेल्या जमिनीत राहतो. मोरीत जायला एक पायरी चढावी लागते. ज्यांना पायरी जमणार नाही त्यांच्यासाठी तळमजल्याची दोन घरं सपाट ठेवली.

दिवस १०४

तळमजल्याच्या भिंतींना कधीतरी १.२ मीटरपर्यंत सिमेंटचा गिलावा मारलेला. ओल दिसते म्हणून मारला असणार. ओल त्याच्या मागून वर चढली आणि पट्ट्याच्या वर, छातीच्या उंचीला फुटली. गिलावा काढल्यावर मागची वीट बोटानं भुरभुरत होती.

जुना अंदाज असा की भिंत वाळायला इंचाला महिना. आपली भिंत ४५० मिमीची, दोन्हीकडून उघडी. मी तीन आठवड्यांत चुन्याचा गिलावा चढवायला सांगितला, वेळापत्रक आधीच घसरलेलं होतं म्हणून. पूर्वेकडच्या भिंतीचा गिलावा दीड महिन्यात पोकळ वाजायला लागला. तो काढून ती भिंत आता तशीच उघडी ठेवली आहे. ते घर सगळ्यांत शेवटी देऊ.

दुसऱ्या भिंतीवर रंगाऱ्यानं सवयीनं ॲक्रिलिक पुट्टी ओढली. चुन्याला श्वास घेऊ द्यायचा आणि वर प्लॅस्टिक चढवायचं. खरवडून काढली, चुन्याची सफेदी दिली.

दिवस १२१ : पावलांचा आवाज

वरच्या मजल्यावर मिस्त्री चालले आणि खाली मला त्यांची चप्पल कुठली तेही कळलं. शाळेत हे चालून जातं. वर एक कुटुंब आणि खाली दुसरं, असं झाल्यावर चालत नाही.

तुळयांच्या मधे वाळू भरायची ही जुनी रीत. भिंती पाडून निघालेला चुना-विटांचा भुगा चाळून तोच भरायचा असं ठरवलं. मी ८० मिमी म्हटलं. अभियंत्यांनी मोबाइलवरच हिशेब केला. वर्गखोलीचा मजला साधारण ३ किलोन्यूटन (एक म्हणजे सुमारे शंभर किलोचा भार) प्रति चौरस मीटर भारासाठी धरतात, घराचा २. म्हणजे हातात शिल्लक १. भुगा दाबून बसल्यावर घनमीटरला १,६०० किलो धरला तर ८० मिमीचे झाले सुमारे १.२५. बसत नाही. ५० मिमीचे ०.८. बसतं, आणि हलक्या आडभिंतींना थोडं उरतं. शाळेचं घर करताना ही एक किलोन्यूटनची पुंजी मिळते. ती कशावर खर्च करायची ते आधी ठरवा, नाहीतर प्रत्येक कारागीर आपापल्या परीनं ती संपवतो.

भुगा भरला. दोन खोल्यांत. तेरा दिवसांनी फळ्यांच्या फटीतून कुबट वास. भुगा बाहेर उघड्यावर होता, वरून कोरडा दिसत होता, आत दमट. फळ्या उचलल्या तर खालून पांढरी बुरशी. सगळा उपसला, पत्र्यावर पसरून उन्हात वाळवला, तुळयांना पुन्हा बोरॅक्स, मग परत भरला. २२ रोज. मूठभर भुगा काचेच्या बरणीत घालून झाकण लावा आणि उन्हात ठेवा. काचेला आतून घाम आला तर भरू नका. ही युक्ती भरायच्या आधी सुचली असती तर बरं झालं असतं.

दिवस १३६

मला तुळया खालून उघड्या दिसायला हव्या होत्या. इतकं तासलं, खिळे काढले, तर कुणाला दिसू दे की. अग्निसुरक्षेच्या हिशेबात ते बसलं नाही. लाकूड जळताना मिनिटाला साधारण ०.७ मिमी कोळसा होत आत जातं. दोन घरांच्या मधल्या मजल्याला साठ मिनिटं टिकायचं आहे. साठ मिनिटांत एका बाजूनं ४२ मिमी. तुळई ७५ रुंद, दोन्ही बाजू उघड्या. म्हणजे तासाभरात काही उरतच नाही. जिप्सम बोर्डाचे दोन थर खालून लावले, स्क्रूनं, गोंद न लावता. फक्त सभागृहातल्या दोन घरांत, जिथे वर-खाली एकच कुटुंब आहे, तिथे अर्ध्या तासाचा नियम पुरला आणि तुळया उघड्या राहिल्या. २७ कापलेल्या त्यातच आहेत. पाहुणे आले की मान वर करून "वा" म्हणतात.

जुन्या दारांचंही हेच. ३१ पैकी एकही घराचं मुख्य दार होऊ शकलं नाही, ती अकरा नवी आणली. जुनी २४ आतल्या खोल्यांना लागली.

दिवस १४८

खिडक्या. ६४ पैकी ५२ परत बसल्या, आतून दुसरी काच घालून. काम कंटाळवाणं, लिहिण्यासारखं काही नाही. जुनी काच कापताना तुटते, एवढं सांगतो. नवा कापक आणि रॉकेलचा थेंब.

दगडी फळे स्वयंपाकघरांच्या ओट्यामागे लावले, सात घरांत. पितळी क्लिपांवर, चिकटवले नाहीत. फरशीवाल्याला क्लिपा पटल्या नाहीत. "कायमचं पक्कं करून देतो," म्हणाला. कायमचं पक्कं केलेलं काढण्यात माझं अर्धं वर्ष गेलंय, हे त्याला समजावण्यात अर्धा तास गेला.

दिवस १७१ : हिशेब

मोडणं आणि उतरवणं ६१२ रोज. ठेकेदाराचा मशीननं पाडायचा अंदाज होता दोन आठवड्यांचा, म्हणून ही संख्या झाकणार नाही. साफसफाई, खिळे, नंबर, रचणं, पुन्हा रचणं मिळून २३४. पुन्हा रचण्यातच सत्तर गेले असतील, कारण जी वस्तू हवी ती नेहमी ढिगाच्या तळाशी. गोदाम भाड्यानं घेतलं असतं तर त्याचं भाडं या सत्तर रोजांत निघालं असतं.

चुकांचे रोज वेगळे काढले: १३१. त्यात माझ्या सहीच्या चुका निम्म्याहून जास्त.

विकत आणलेलं: सिमेंट पायांपुरतं, जिप्सम, पाइप, वायर, बाहेरची दारं, खांबांचं पोलाद. वीट एकही आणली नाही. नव्या भिंती चुन्यातच बांधल्या, आतल्या आडभिंती बोल्ट आणि स्क्रूवर, आणि प्रत्येक घराच्या वीजपेटीच्या झाकणामागे एक कागद ठेवलाय: कुठल्या भिंतीत काय आहे आणि कुठून सुरू केलं तर निघेल.

दिवस १८८

नऊ घरं दिली. पूर्वेकडचं अजून वाळतंय. भिंतीवर टेकवलेला हात आता गार लागत नाही, पण मीटर अजून नाही म्हणतो. दहाव्या घराच्या मोरीची पायरी १८० मिमीची झाली होती, ती फोडून १५० ची करतोय.

सभागृहातल्या डावीकडच्या घरात राहायला आलेल्या काकूंनी खोलीतल्या त्या खांबाबद्दल विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी फळ्या लावून पुस्तकं ठेवली आहेत. उजवीकडच्या घरातले म्हणतात, खांबावर पाय आपटतो, काहीतरी करा. रबराची पट्टी मागवली आहे. सात नंबरच्या घरात रात्री नळमार्गातून पाण्याचा आवाज येतो, त्याच्या पकडींखालीही तीच पट्टी लावून बघणार. सोमवारी येईल.